पोर्शन पूर्ण, पाटी कोरी : नवशिक्या शिक्षकांसाठी मार्गदर्शिका

नेमणुकीचा आदेश हातात पडला, शाळा मिळाली, वर्ग मिळाला. अभिनंदन! डी.एड.ला घेतलेले पाठ आता विसरा. तिथे मागच्या बाकावर परीक्षक बसायचे, इथे कोणी बसत नाही. इथे दोनच कामं आहेत. पोर्शन वेळेत संपवायचा, आणि तो संपवताना मुलांच्या डोक्यात त्यातलं फारसं काही शिल्लक राहणार नाही याची काळजी घ्यायची. दुसरं काम कुठल्याही परिपत्रकात सापडणार नाही, पण परिपत्रकांपेक्षा ते कितीतरी निष्ठेने पाळलं जातं.

नवख्यांची अडचण अशी, की उत्साहाच्या भरात त्यांच्या हातून एखादा धडा असा शिकवला जातो की मुलांना तो पुढच्या वर्षीही आठवतो. मग वरच्या वर्गाच्या शिक्षकांची पंचाईत होते. "मागच्या वर्षी काय शिकवलं तुम्हाला?" हे त्यांचं जूनमधलं पहिलं वाक्यच वाया जातं. तसं होऊ नये म्हणून ही मार्गदर्शिका. माणूस कसा शिकतो आणि कसा विसरतो यावर सव्वाशेहून अधिक वर्षं संशोधन चालू आहे. त्यातून जे करा असं निघतं ते नेमकं टाळलं की आपलं काम फत्ते.

लागणारं साहित्य: खडू, डस्टर, टाचण वही (मागच्या वर्षीची चालेल, तारखा बदला), लाल पेन, आणि "समजलं का?" हा प्रश्न.

समजलं का?

सुरुवात या प्रश्नापासूनच करू, कारण त्याच्याइतकं खात्रीचं साधन दुसरं नाही. फळ्यावर उदाहरण सोडवा, खडूची धूळ झटका, वर्गाकडे वळा आणि विचारा. चाळीस गळ्यांतून "होऽऽ" येईल. ज्याला समजलं तो हो म्हणतो, ज्याला नाही समजलं तो जरा जास्तच मोठ्याने म्हणतो, आणि जो खिडकीतून खिचडीचं पातेलं कुठवर आलं ते बघत होता तोही शेवटच्या सुराला सामील होतो. तुम्ही पुढच्या उदाहरणाकडे वळायला मोकळे.

एखाद्या मुलाला नाव घेऊन प्रश्न विचारायची वेळ आलीच तर उत्तराची वाट पाहू नका. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी 1970च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभर थांबत आणि मग एकतर दुसऱ्याला विचारत किंवा स्वतःच उत्तर सांगून टाकत. हा वेळ तीन सेकंदांवर नेला, तर मुलं लांब उत्तरं देऊ लागली, "माहीत नाही" कमी झालं, आणि एरवी तोंड न उघडणारीही बोलू लागली. तीन सेकंद! एवढ्याशा वेळात वर्गात केवढी उलथापालथ होऊ शकते पाहा. तेव्हा प्रश्न संपायच्या आत पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीकडे बोट करा. तिचं उत्तर हे वर्गाचं उत्तर धरा.

"इतकं सोपं आहे, कसं कळत नाही?" हे वाक्यही पाठ करून ठेवा. त्यामागचं शास्त्र स्टॅनफर्ड विद्यापीठात 1990 साली एलिझाबेथ न्यूटन यांनी प्रबंधात मांडलं. त्यांनी काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवायला सांगितला आणि समोरच्याने गाणं ओळखायचं असं ठरवलं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं की निम्मी तरी गाणी ओळखली जातील. 120 पैकी ओळखली गेली 3. वाजवणाऱ्याच्या डोक्यात शब्द, चाल, पेटी, तबला सगळं चालू असतं. ऐकणाऱ्याला फक्त टकटक. अपूर्णांकांचे छेद समान करताना तुमच्या डोक्यात अख्खं गाणं असतं. मुलांना खडूचा आवाज येतो. हे अंतर तुमच्या लक्षातच येऊ नये यासाठी मुलांना आपल्या शब्दांत सांगायला लावू नका. तीन मुलं तीन तऱ्हेचं काही बोलली, तर त्या दिवशी तुमचं टाचण कोलमडलंच म्हणून समजा.

एकदाच, एका दमात

प्रत्येक घटक एकदाच घ्यावा, सलग घ्यावा, आणि संपला की त्याच्याकडे पुन्हा वळून पाहू नये. जुलैत क्षेत्रफळ शिकवा, जुलैच्याच घटक चाचणीत क्षेत्रफळ विचारा, गुण नोंदवहीत चढवा आणि विषय मिटवा. चाचणीत गुण चांगले पडतील. तेवढंच पाहा.

या सूचनेचे आद्य गुरू जर्मनीचे हर्मान एबिंगहाउस. यांनी वर्षानुवर्षं एकाच विद्यार्थ्यावर प्रयोग केले: स्वतःवर. निरर्थक अक्षरांच्या माळा पाठ करायच्या, ठरावीक वेळाने त्याच पुन्हा पाठ करायच्या, आणि दुसऱ्या वेळी किती वेळ वाचला ते मोजायचं. 1885 साली त्यांनी आकडे छापले. 20 मिनिटांनी वाचणारा वेळ 58 टक्के, एका दिवसाने 34 टक्के, महिन्याने 21. म्हणजे घसरगुंडी सुरुवातीलाच सगळ्यात तीव्र. आपल्याला काही करावंच लागत नाही. निसर्ग आपल्या बाजूने आहे.

फक्त एक सावधगिरी. याच गृहस्थांना आढळलं की एक माळ पक्की करायला एकाच दिवशी 68 वेळा घोकण्याचा जो परिणाम होतो, तोच तीन दिवसांत विभागून 38 वेळा घोकल्याने होतो. कष्ट जवळजवळ निम्मे! ही बातमी स्टाफरूममध्ये फुटली तर लोक क्षेत्रफळाचं एखादं उदाहरण ऑगस्टमध्ये टाकतील, एखादं दिवाळीनंतर, एखादं संक्रांतीच्या सुमारास. खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. अशी माणसं फार लांब जातात. आपण मात्र सगळी उजळणी मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यासाठी राखून ठेवायची आणि तिला "रिव्हिजन" म्हणायचं.

दुसरी सावधगिरी अर्थाची. एबिंगहाउसने बायरनच्या 'डॉन जुआन'ची कडवी पाठ केली, तेव्हा निरर्थक माळांच्या तुलनेत जेमतेम एक दशांश कष्ट पडले. अर्थ लागला की मुलं पटकन धरतात आणि सहजासहजी सोडत नाहीत. त्यामुळे व्याख्या आधी लिहून द्या, उदाहरण वेळ उरला तर.

आठवू देऊ नका

आता मुख्य सूचना. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, ही विसरू नका: मुलांना पुस्तक मिटून आठवायला लावू नका.

2006 साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. त्यांतला एक समुद्री पाणमांजरांवर होता. एका गटाने उतारा चार बैठकांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच बैठकीत वाचला आणि पुढच्या तीन बैठकांत कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली. वाचणाऱ्यांना 83 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना 71. इथवर आपली सरशी. दुर्दैवाने त्यांनी आठवडाभराने पुन्हा चाचणी घेतली. वाचणारे 40 वर आले आणि लिहिणारे 61 वर टिकले. त्यातही गंमत अशी, की आधी विचारलं तेव्हा "आपल्याला नीट लक्षात राहील" असं जास्त खात्रीने सांगणारे वाचणारेच होते.

यातून शिक्षकाने काय घ्यायचं? वाचताना ओळख वाटते आणि ओळखीला आपण ज्ञान समजतो, हे. तास संपताना धडा ओळखीचा वाटला पाहिजे. यासाठी तो पुन्हा वाचून दाखवा, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून द्या, ती मुलांनी वहीत उतरवावीत, गाईडमध्ये अधोरेखित करावीत, पिवळ्या हायलायटरवर गुलाबी फिरवावा. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अभ्यासाच्या दहा रीतींची छाननी केली, त्यात पुन्हा वाचणं आणि अधोरेखित करणं तळाच्या वर्गात गेलं. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांवर पसरणं या दोन रीती वरच्या वर्गात. दुकानात हायलायटर मात्र पाचच्या संचात मिळतात.

तरीही गाफील राहू नका, कारण प्रत्येक शाळेत एखाद्या नव्या बाई असतात. त्या आल्या आल्या फळ्यावर चार प्रश्न लिहितात: एक कालचा, एक मागच्या आठवड्यातला, एक गणपतीच्या सुट्टीआधीचा, आणि एक असा की जो त्यांनी कधी शिकवला हे आपल्यालाही आठवू नये. पुस्तकं मिटलेली. मुलं पाठकोऱ्या कागदावर लिहितात. "झाडाला अन्न तयार करायला कोणता वायू लागतो?" वर्गातले निम्मे कागद म्हणतात ऑक्सिजन, आणि लिहिणाऱ्यांच्या चेहऱ्यावर इतका आत्मविश्वास, की सरकारी नोकरीसुद्धा इतकी पक्की वाटत नाही. बाई ओरडत नाहीत. "ऑक्सिजन कोणाकोणाचं?" हात वर होतात. "मग तो बाहेर कोण टाकतं?" थांबतात. पूर्ण तीन सेकंद. मागून कोणीतरी "आयला!" म्हणतं. बाई ते न ऐकल्यासारखं करतात. मुलं आपापलं उत्तर खोडतात, बरोबर लिहितात, कागद दप्तरात जातो. गुण नाहीत, सही नाही, नोंद नाही. पाच मिनिटं झालेली असतात.

ही पाच मिनिटं आपल्या अख्ख्या कार्यक्रमावर पाणी फिरवू शकतात. ठामपणे केलेली चूक लगेच दुरुस्त झाली तर ती दुरुस्ती जास्त पक्की बसते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. तेव्हा अशा बाई भेटल्या की मधल्या सुट्टीत, चार जण ऐकतील अशा बेताने, सहज विचारावं, "मॅडम, तुमचा पोर्शन कुठवर आला?" हा उपाय सहसा वाया जात नाही.

हा धोका काही परदेशातूनच येतो असं नाही. आपल्याकडे दिवेलागणीला शुभंकरोति झालं की परवचा असायचा. पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकीपर्यंत. पुस्तक हातात नाही, रोज, आणि चुकलं की आजी स्वयंपाकघरातून दुरुस्त करणार. रोजचं अंतर, डोक्यातून काढणं, जागच्या जागी दुरुस्ती; विद्यापीठात ज्याला आज शोधनिबंध लागतात ते माजघरात विनाअनुदानित चालू होतं. त्यात खोटही होती. पाढा क्रमानेच यायचा, त्यामुळे सात नवे किती विचारलं की पोरगं सात एकेपासून निघायचं आणि ओठ हलवत हलवत त्रेसष्टला पोहोचायचं. उलटसुलट विचारलं असतं तर एवढं एक भागलं असतं. आपण ते न करता परवच्याला घोकंपट्टी ठरवून घालवून दिलं आणि गाईडमधली तयार उत्तरं घोकायला ठेवली. म्हणजे घोकंपट्टीतलं चांगलं तेवढं काढून टाकलं. मार्गदर्शिकेच्या दृष्टीने हे विसाव्या शतकातलं मोठं यश मानावं लागेल.

सरावसंच जसा आहे तसा

शेकडेवारीचं प्रकरण असेल तर त्या आठवड्यात सगळी गणितं शेकडेवारीची. चौथ्या गणितापासून मुलं प्रश्न वाचायचंच सोडतात: दोन संख्या दिसल्या की गुणा, शंभराने भागा. उत्तरं धडाधड बरोबर येतात. मग नफा-तोट्याचा आठवडा, मग सरळव्याजाचा. कोणती रीत वापरायची हे पानाच्या डोक्यावर छापलेलंच असतं, आणि परीक्षेत नेमकं तेवढंच छापलेलं नसतं.

रोहरर आणि टेलर यांनी 2007 मध्ये चार चमत्कारिक आकारांची घनफळं काढायला शिकवून पाहिली. एका गटाला एका जातीची गणितं सलग, दुसऱ्याला सरमिसळ. सरावाच्या वेळी सलगवाले 89 टक्के, सरमिसळवाले 60. आठवड्याने सलगवाले 20 आणि सरमिसळवाले 63. मुख्याध्यापक फेरीला सरावाच्या दिवशी येतात, आठवड्याने येत नाहीत. त्यामुळे निवड सोपी आहे. प्रकरणाच्या शेवटी जो संकीर्ण प्रश्नसंग्रह असतो तो "घरी करा" म्हणून सोडून द्यावा.

चूक दिसली की फुली

इथे जरा थांबू, कारण वही तपासण्यावर तुमचे आयुष्यातले बरेच तास जाणार आहेत आणि ते निष्फळ जायला हवेत.

तिसरीतल्या एका मुलाची वही घ्या. 52 वजा 38, उत्तर 26. 71 वजा 45, उत्तर 34. 90 वजा 27, उत्तर 77. आणि 64 वजा 21, उत्तर 43. नवशिक्याला वाटेल हे पोरगं अंदाजे काहीही लिहितंय. तीन फुल्या, एक बरोबर, चारपैकी एक, खाली शेरा "सराव वाढवा", पालकांची सही. उत्तम. इथेच थांबा.

थांबला नाहीत आणि त्याला जवळ बोलावलंत, तर असं काहीसं होईल.

"बाळा, हे कसं केलंस सांग बरं."

"सर, दोनातून आठ जात नाहीत."

"बरोबर. मग?"

"मग आठातून दोन जातात. सहा."

पोरगं अंदाजे काहीच करत नव्हतं. त्याच्याकडे एक नियम आहे, तो त्याने प्रत्येक गणितात प्रामाणिकपणे लावलाय, आणि नियमाचा पहिला अर्धा भाग तुम्हीच दिलाय: जात नाहीत. जे जात नाही ते ज्यातून जातं त्यातून घालवावं, हे त्याचं त्यानेच जोडलं. चौथ्या गणितात उसनं घ्यायची वेळच आली नाही म्हणून ते सुटलं. जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन यांनी 1978 मध्ये वजाबाकीतल्या अशा बांधीव चुकांची यादीच केली आणि शिक्षकांना चूक ओळखण्याचा सराव व्हावा म्हणून 'बगी' नावाचा संगणकीय खेळ रचला. त्यांचं म्हणणं एवढंच, की मुलं बहुतेकदा नियम मोडत नाहीत, चुकीचा नियम पाळतात.

आता "सराव वाढवा"ची थोरवी लक्षात घ्या. या मुलाने आणखी तीस वजाबाक्या केल्या की तो चुकीचा नियम तीस वेळा पक्का होईल. उलट कोणी कपाटातून काड्यांचे गठ्ठे काढले, बावन्नच्या पाच गठ्ठ्यांतला एक रबर काढून सुटा केला, आणि "आता सुट्या किती झाल्या?" एवढंच विचारलं, तर दहा मिनिटांत सगळा खेळ खलास. काड्यांचे गठ्ठे कपाटातच राहू द्या. साठा नोंदवहीत त्यांची नोंद आहे. हरवले तर लिहून द्यावं लागतं.

गुणांबद्दलही एवढ्यातच सांगून टाकतो. रूथ बटलर यांनी इस्राएलमध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला प्रयोग 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना नुसते गुण, काहींना नुसता काय सुधारायचं तो शेरा, काहींना दोन्ही. पुढचं काम सुधारलं ते नुसत्या शेऱ्याने. गुण शेजारी आले की शेऱ्याचा परिणाम गेला. म्हणून कधी चांगला शेरा लिहायची ऊर्मी आलीच तर बाजूला गुण ठळक लिहून त्याभोवती गोल करावा.

एका वेळी सगळं

माणसाच्या चालू स्मृतीत एका वेळी फार मावत नाही. जॉर्ज मिलर यांनी 1956 साली सातच्या आसपास म्हटलं होतं, नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये तो आकडा चारच्या आसपास आणला. ही जागा भरून टाकणं अगदी सोपं आहे. फळ्यावर एक लिहा, तोंडाने दुसरं बोला, मुलांना त्याच वेळी तिसरं उतरवून घ्यायला सांगा आणि मध्येच हजेरी घ्या.

आपल्याकडच्या मुलांची जागा तर अगोदरच थोडी अडलेली असते. पंच्याहत्तर म्हटलं की कानावर आधी पाच येतो, मग सत्तर. लिहायचा मात्र सात आधी. पहिली-दुसरीतली मुलं 57 लिहून मोकळी होतात. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या गणितात जुन्याच्या जोडीला "सत्तर पाच" ही रीतही दिली, तेव्हा महाराष्ट्रात काय रण माजलं ते आठवा. मराठी बुडाली, संस्कृती बुडाली, विधानसभेत कोट्या झाल्या. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की लहान मुलांना हे जड जातं. मोठ्यांना मात्र पंच्याहत्तर म्हणायला काहीच जड जात नव्हतं. टेबलावर वाजवणारे पुन्हा तेच! त्या रीतीच्या बाजूने आणि विरुद्ध बोलण्यासारखं बरंच आहे, पण सहा वर्षांच्या पोराच्या डोक्यात एका दमात किती मावतं, यावर भांडण झालेलं काही आमच्या कानावर आलं नाही.

शाळेत नवा डिजिटल बोर्ड आला असेल तर दुधात साखर. हार्प आणि मेयर यांनी 1998 मध्ये दाखवलं की वीज कशी पडते हे समजावणाऱ्या मजकुरात वीज पडून कोण कसं भाजलं असले रंजक किस्से घातले की मुख्य कारणं कमी लक्षात राहतात. तेव्हा उडणारी अक्षरं, नाचणारं अस्वल, मागे संगीत, सगळं हवं. मुलांना अस्वल लक्षात राहतं.

कोणी विचारलंच तर म्हणावं, आमची मुलं "दृश्य शिकणारी" आहेत. पॅशलर आणि इतरांनी 2008 मध्ये तपासून सांगितलं की मुलांचे असे प्रकार पाडून त्या त्या प्रकाराने शिकवल्यास जास्त शिकतात याला भक्कम पुरावा नाही. पण हा शब्द ऐकला की साहेब मान डोलावतात.

अडचणी व निवारण

इतकं करूनही कधीतरी तुमच्या मनात शंका येईल, की उलट करून पाहिलं तर? रॉबर्ट ब्यॉर्क यांचं 1990च्या दशकापासून म्हणणं आहे की शिकताना जरा अडखळायला लावणाऱ्या काही अडचणी मुद्दाम ठेवाव्यात. आत्ता जमणं आणि पुढे टिकणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. हे वाचून अस्वस्थ व्हायला होतं खरं. अशा वेळी पुढची कारणं हाताशी ठेवावीत: हे प्रयोग बरेचसे परदेशी कॉलेजच्या पोरांवर झालेत, आमच्याकडे दोन वर्ग एकत्र बसतात, मतदार यादीचं काम आहे, सर्वेक्षण आहे, पोर्टलवर माहिती भरायची आहे, शिपाई नाही. यातलं एकही कारण खोटं नाही, हीच त्यांची ताकद. फक्त कोणी असं विचारू नये म्हणजे झालं, की पुस्तक मिटून चार प्रश्न विचारायला शिपाई कशाला लागतो?

शेवटी प्रशिक्षण. "अध्ययनाचे शास्त्र" या विषयावर तुम्हाला कधी ना कधी एक दिवसाच्या कार्यशाळेला बोलावतील. घाबरू नका. सकाळी साडेदहाला दीपप्रज्वलन, स्वागत, मनोगत. मग तज्ज्ञ मार्गदर्शक स्लाइड दाखवतील आणि त्यावरचा मजकूर वाचतील. विषय स्मृती, अंतराने उजळणी, आठवण्याचा सराव, चालू स्मृतीवरचा भार. हे सगळं सलग, एका दमात, चहापर्यंत. अधूनमधून विचारतील, "समजलं का?" सभागृह "हो" म्हणेल. स्लाइडचे फोटो काढून घ्या, म्हणजे आठवायची गरज पडणार नाही. अभिप्रायाचा फॉर्म जेवणाआधी भरून घेतात, त्यात "अत्यंत उपयुक्त" वर खूण करा आणि "प्रशिक्षणातून तुम्ही काय शिकलात?" या रकान्यात शेजारच्या सरांचं बघून लिहा. हजेरीवर सही दोनदा करायची असते, सकाळी आणि चारनंतर. प्रवासभत्त्याच्या बिलाला ती दुपारची सही लागते, ती तेवढी विसरू नका.